पिकअपचे टायर प्रेशर सेन्सर रीसेट कसे करायचे? दिवा लुकलुकतो, आकडे उलटसुलट

मालवाहू (प्रश्न)

कामाच्या चार पिकअप आहेत, चारही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, २०१२ ते २०२० या काळातल्या. सगळ्यांच्या चाकांत सेन्सर आहेत. चारही गाड्यांची चाकं पुढची मागे, मागची पुढे अशी फिरवली आणि दोन गाड्यांना नवे टायर घातले. आता अवस्था अशी:

पहिलीत चावी फिरवली की टायरचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग तसाच पेटून राहतो. पडद्यावर मागच्या उजव्या चाकापाशी आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा.

दुसरीत दिवा नाही, पण आकडे उलटे. पुढे ३५ ची हवा आहे, मागे ४२ ची. पडदा पुढे ४२ दाखवतो.

तिसरीत साधे टायर काढून दहा प्लाय रेटिंगचे एलटी (लाइट ट्रक, जड भाराचे) टायर घातले आणि ५० ची हवा भरली. दाराच्या चौकटीवरचा स्टिकर ३५ सांगतो. दिवा लागत नाही. म्हणजे सगळं ठीक आहे असं धरायचं का?

चौथी जड पिकअप. स्टिकरवर मागे ८०, पण सध्या रिकामी चालते म्हणून मागे ५५ ठेवली. दिवा काही केल्या विझत नाही.

बॅटरीची तार अर्धा तास काढून ठेवली, फ्यूजही काढून लावला. फरक शून्य. कंपनीगणिक रीसेटची पद्धत कोणती, आणि स्कॅनर किंवा दुसरं कुठलं यंत्र घ्यावंच लागतं का?

---

एकोणीसचा_पाना

‘रीसेट’ या एका शब्दाखाली लोक तीन वेगळी कामं एकत्र करतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहिलं काम म्हणजे हवा बरोबर करून दिवा विझवणे. दुसरं, ‘आत्ता आहे ती हवा बरोबर समज’ असं गाडीला सांगणे. तिसरं, कुठला सेन्सर कुठल्या चाकात आहे हे गाडीला शिकवणे, ज्याला रीलर्न म्हणतात. तुमच्या चार गाड्यांना चार वेगळे उपाय लागतील, आणि त्यातल्या एकीला तर रीसेटचा उपयोगच नाही.

कुठलं काम करायचं ते दिवाच सांगतो. चालू केल्याबरोबर दिवा स्थिर पेटला तर एखाद्या टायरची हवा कमी आहे. दिवा ६० ते ९० सेकंद लुकलुकून मग स्थिर झाला तर हवेचा प्रश्न नाही, यंत्रणेतच बिघाड आहे: सेन्सर मेला, नोंदलेला नाही, किंवा त्याचा सिग्नल पोचत नाही. हा फरक अमेरिकेच्या १३८ क्रमांकाच्या वाहन सुरक्षा मानकामुळे पक्का झाला. तिथे सप्टेंबर २००७ पासून सगळ्या हलक्या नव्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची आहे, आणि हवा स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा २५ टक्के खाली गेली की दिवा लागलाच पाहिजे. हा २५ टक्क्यांचा हिशेब लक्षात ठेवा, तिसऱ्या आणि चौथ्या गाडीचं उत्तर त्यातच आहे.

तुमची पहिली गाडी लुकलुकणाऱ्या प्रकारातली. मागच्या उजव्या चाकाचा सेन्सर बोलत नाही. गाडी २०१२ ची असेल तर बॅटरी संपली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सेन्सरच्या आत नाण्याएवढी लिथियम बॅटरी असते आणि ती राळेत बंद केलेली असते. ती बदलता येत नाही, सेन्सरच बदलावा लागतो. आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं, जास्त चालणाऱ्या गाडीत कमी, कारण चाक फिरत असताना सेन्सर दर मिनिटाला एकदोनदा सिग्नल पाठवतो आणि गाडी उभी असली की झोपतो.

मात्र तुमच्या गाडीला नुकतेच टायर घातले असतील तर सेन्सर मशीनवर तुटलेलाही असू शकतो. चाक हाताने हळू फिरवून आत काही खुळखुळतंय का ऐका.

आणि एक गोष्ट आधी पाहून घ्या, म्हणजे पुढचा वेळ वाया जाणार नाही: त्या जागी सध्या स्टेपनी तर बसलेली नाही ना? बऱ्याच पिकअपच्या स्टेपनीत सेन्सर नसतो. ती चढवली की याच रेघा आणि हाच लुकलुकणारा दिवा दिसतो.

---

रिमवाला

कंपनीगणिक पद्धती लिहितो. त्याआधी तयारी, कारण बहुतेक रीलर्न या पायरीवर फसतात.

हवा थंड टायरमध्ये मोजा. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा दीड किलोमीटरपेक्षा कमी चाललेली. आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा घ्या. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा आकडा नसतो. इतर सेन्सरवाली चाकं दूर ठेवा. पाठीमागच्या हौद्यात दुसरा चाकांचा संच पडलेला असेल, किंवा शेजारच्या गाडीचेही सेन्सर त्याच वेळी जागे केले, तर गाडी परक्या सेन्सरला आपला समजून शिकते. मोबाइल चार्जर, डॅशकॅम आणि स्वस्त एलईडी दिवे काढा किंवा बंद ठेवा. सेन्सर ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि त्याचा आवाज फार क्षीण असतो. निकृष्ट चार्जरचा गोंगाट त्याला सहज गिळतो.

फोर्ड एफ-१५० आणि तिची भावंडं, चावीवाली. इग्निशन बंद. ब्रेक पेडल एकदा दाबून सोडा. चावी बंद ते ‘रन’ अशी तीनदा फिरवा, तिसऱ्यांदा ‘रन’वर थांबा. इंजिन चालू करायचं नाही. ब्रेक पुन्हा दाबून सोडा. चावी बंद करा. पुन्हा तीनदा बंद ते ‘रन’, शेवट ‘रन’वर. हे सगळं न रेंगाळता एका दमात करायचं. हॉर्न एकदा वाजतो आणि पडदा डावं पुढचं चाक मागतो. आता ट्रिगर टूल (सेन्सरला जागं करणारं हातातलं यंत्र) त्या चाकाच्या व्हॉल्व्हजवळ टायरच्या बाजूला टेकवून बटण दाबा. हॉर्न वाजला की पुढचं चाक. क्रम डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं, म्हणजे गाडीभोवती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. प्रत्येक चाकाला दोन मिनिटं मिळतात. वेळ संपली की हॉर्न दोनदा वाजतो आणि सगळं पहिल्यापासून. नव्या गाड्यांत हा चावीचा खेळ गेला: इग्निशन चालू, इंजिन बंद, आणि हॅझर्डचं बटण दहा सेकंदांत सहा वेळा दाबायचं. पुढचा क्रम तोच.

शेवरोले सिल्व्हराडो, जीएमसी सिएरा, कोलोरॅडो. हँडब्रेक ओढा, इग्निशन चालू, इंजिन बंद. बटणाने चालू होणाऱ्या गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्टचं बटण साधारण पाच सेकंद धरून ठेवा. चालकासमोरच्या पडद्यावर टायरच्या हवेचं पान आणा आणि निवडीचं बटण धरून ठेवा, ‘रीलर्न’ विचारलं की होय म्हणा. २००७ ते २०१३ च्या पिढीत रिमोटवरची लॉक आणि अनलॉक ही दोन्ही बटणं एकदम पाचेक सेकंद धरूनही हे सुरू होतं. हॉर्न दोनदा वाजतो आणि डाव्या पुढच्या कोपऱ्यातला इंडिकेटर पेटून राहतो. पेटलेला इंडिकेटर म्हणजे आता याच चाकाची पाळी. क्रम फोर्डसारखाच. पहिल्या चाकाला दोन मिनिटं, चारही मिळून पाच मिनिटं.

टूल नसेल तर या गाड्यांच्या बऱ्याच पिढ्यांत हवा सोडूनही चालतं. व्हॉल्व्हची पिन आठ-दहा सेकंद दाबून हवा सोडा आणि थांबा. हॉर्न लगेच वाजतो असं नाही, ३० सेकंदही लागू शकतात. इथेच लोक घाई करतात, वाजला नाही म्हणून पुन्हा हवा सोडतात आणि टायर सपाट करून ठेवतात. म्हणून या पद्धतीला निघण्याआधी प्रत्येक चाकात पाच-सहा पीएसआय (स्टिकरवरच्या हवेच्या आकड्याचं एकक) जास्त भरून ठेवा आणि शेवटी सगळ्यांची हवा पुन्हा बरोबर करा.

रॅम. इथे फार काही करायचं नसतं. गाडी वीसेक मिनिटं उभी ठेवा, मग ताशी २५ किलोमीटरच्या वर सलग पंधरा मिनिटं चालवा. ती स्वतःच ओळखते. सिग्नलला चार वेळा थांबलात तर जास्त वेळ लागतो, मोकळा रस्ता धरा.

टोयोटा टॅकोमा, टुंड्रा, हायलक्स. इथे सावध राहा. स्टिअरिंगखाली किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये जे रीसेटचं बटण असतं (नव्या गाड्यांत पडद्यावरच्या मेनूत), ते सेन्सर शिकवत नाही. ते फक्त आत्ताची हवा हाच पाया धरतं. चारही टायरची हवा बरोबर करून, इग्निशन चालू ठेवून ते बटण दिवा हळूहळू तीनदा लुकलुकेपर्यंत दाबायचं आणि काही मिनिटं इग्निशन तसंच चालू ठेवायचं. हवा कमी असताना ते दाबलं तर गाडी कमी हवेलाच बरोबर समजेल आणि टायर आणखी बसेपर्यंत गप्प राहील. नवा सेन्सर बसवलात तर त्याचा क्रमांक ओबीडी पोर्टातून (स्कॅनर जोडायच्या सॉकेटमधून) गाडीच्या संगणकात लिहावा लागतो, ते काम बटणाने कधीच होत नाही. स्टेपनीतही सेन्सर असलेल्या गाडीत पाच क्रमांक लिहावे लागतात.

तुमच्या दुसऱ्या गाडीला, आकडे उलटे असलेल्या, तिच्या कंपनीच्या पद्धतीचं रीलर्न हवं. आकडेच उलटे आहेत, काय बिघडतं असं वाटेल. पण पुढे आणि मागे वेगळी हवा असलेल्या पिकअपमध्ये मर्यादाही वेगळ्या असतात. ३५ ला २६ च्या आसपास दिवा लागतो, ४२ ला साडेएकतीसला. जागा उलटली तर मागचा टायर २७ वर येऊनही गाडी त्याला पुढचा समजून गप्प बसेल.

---

मागचा_एक्सल

तिसऱ्या आणि चौथ्या गाडीवर लिहितो, कारण पिकअपमध्ये खरा धोका तिथे असतो आणि त्यावर कोणी बोलत नाही.

तिसऱ्या गाडीत दिवा लागत नाही यावर समाधान मानू नका. गाडीला टायर बदलल्याचं कळत नाही. तिच्या डोक्यात अजून ३५ चा स्टिकर आहे, म्हणून ती २६ च्या आसपासच बोलेल. एलटी टायरची बांधणी वेगळी असते. तेवढंच वजन उचलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, बहुतेक साइजमध्ये १० ते १५ पीएसआय जास्त. मूळ साध्या टायरची भारक्षमता पिकअपवर १.१ ने भागून घ्यायची असते, मग जो आकडा येईल तेवढा भार तुमच्या एलटी साइजला किती हवेवर पेलतो ते टायर कंपनीच्या भार-तक्त्यात पाहायचं. तक्ता ४५ ते ५० च्या दरम्यान कुठेतरी नेईल. म्हणजे तुमचे ५० बरोबर आहेत, पण ५० चा टायर गळत गळत २७ वर आला तरी गाडी एक शब्द बोलणार नाही. भरल्या गाडीत त्या हवेवर टायरच्या भिंती तापतात, आतली वीण सुटते आणि टायर फुटतो.

उपाय गाडीच्या संगणकातला स्टिकरचा आकडा बदलणे. फोर्डमध्ये फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर आणि ओबीडी अडॅप्टर घेऊन पुढचा आणि मागचा आकडा वेगवेगळा लिहिता येतो. लिहिण्याआधी मूळ नोंद फाइलमध्ये साठवून ठेवा आणि गाडीची बॅटरी चार्जरवर लावा, मधेच व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अडकू शकतं. इतर कंपन्यांत अधिकृत सर्व्हिस केंद्राकडून किंवा चांगल्या स्कॅन टूलने काही मॉडेलमध्ये जमतं. टोयोटाच्या ज्या गाड्यांत पाया धरणारं बटण आहे तिथे ते सोपं आहे: ५० भरा, बटण दाबा, झालं. ज्या गाडीत काहीच बदलता येत नाही तिथे दर पंधरा दिवसांनी गेजने हवा बघणं हा एकच मार्ग, पडद्यावर आकडे दिसत असतील तर रोज निघताना ते वाचा.

चौथीचा हिशेब सरळ आहे. ८० चे २५ टक्के गेले की ६०. तुम्ही ५५ वर आहात, दिवा लागणारच. यंत्रणा तिचं काम चोख करते आहे, तिला रीसेटने गप्प करता येणार नाही आणि करूही नये. रिकाम्या गाडीत मागचा एक्सल हलका असतो, ५५ ने टायरला इजा होणार नाही, हे भार-तक्त्यावरून तुम्ही तपासू शकता. पण भार टाकायच्या दिवशी हवा ८० करायला विसरलात तर पेटलेल्या दिव्याची सवय झालेली असते आणि कोणाला काही वेगळं दिसत नाही. माझं मत: मागे ६५ ठेवा. दिवा विझेल, रिकाम्या गाडीचे धक्के थोडे वाढतील, पण दिव्याचा अर्थ शाबूत राहील.

६५ का, ६१ का नाही? थंडीमुळे. ३५ ची हवा असलेल्या टायरमध्ये तापमान ५-६ अंश सेल्सियसने उतरलं की एक पीएसआय कमी होतो हे सगळे सांगतात. जास्त हवेच्या टायरमध्ये ही घट त्या प्रमाणात मोठी असते. ८० च्या टायरमध्ये तेवढ्याच फरकाला जवळजवळ दोन पीएसआय जातात. दुपारी ६१ भरलेली हवा पहाटे ६० च्या खाली सहज जाते आणि दिवा लागतो, दुपारी विझतो, आणि माणूस सेन्सरला दोष देत बसतो. सकाळी लागून दुपारी विझणारा दिवा म्हणजे काठावरची हवा, सेन्सर नव्हे.

---

मालवाहू

खूप उपयोग झाला. दुसऱ्या गाडीचं रीलर्न टूलने एका फेरीत झालं. चौथीच्या मागे ६५ केली, दिवा गेला.

पहिलीत स्टेपनी नाही, चाक मूळचंच आहे आणि आत काही खुळखुळत नाही. टूल टेकवलं की बाकीचे तीन सेन्सर उत्तर देतात, हा देत नाही. सेन्सर बदलायचा तर एकच बदलू की चारही? मूळ कंपनीचा घ्यावा की कोरा प्रोग्रॅम करून मिळतो तो? शिवाय ‘तीन पीएसआय जास्त भरा, मग सगळी हवा सोडा, मग पुन्हा भरा, सेन्सर जागा होतो’ असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. करून पाहू का?

---

एकोणीसचा_पाना

तो हवा सोडून भरायचा उपाय करू नका. झोपलेला सेन्सर चाक फिरलं की आतल्या त्वरणमापकामुळे (हालचाल ओळखणाऱ्या भागामुळे) आपोआप जागा होतो, किंवा टूलच्या १२५ किलोहर्ट्झच्या हाकेने. हाकेला उत्तर नाही म्हणजे बॅटरी गेली, पूर्ण हवा सोडल्याने ती भरत नाही. उलट भरल्या गाडीखाली टायर पूर्ण बसला तर बीड (टायरची रिमवर बसणारी कड) रिमवरून सुटतो आणि मग साध्या कंप्रेसरने हवा धरतही नाही. बॅटरीची तार काढण्याचंही तेच. सेन्सरचे क्रमांक गाडीच्या अशा स्मृतीत असतात जी वीज गेल्यावर पुसली जात नाही.

एक की चार? चारही मूळचे असतील तर चारही एकाच वयाचे आहेत. एक गेला की बाकीचेही वर्षा-दोन वर्षांत मागोमाग जातात, आणि दर वेळी टायर उतरवणं, चढवणं, बॅलन्सिंग. टायर नवे घालायचे असतील तेव्हा चारही बदला. टायर अजून अर्धे शिल्लक असतील तर आत्ता एक बदला आणि बाकीचे पुढच्या टायरबरोबर. चांगली टूल प्रत्येक सेन्सरच्या बॅटरीची स्थितीही वाचतात, आधी ते पाहून ठरवा.

कोरे सेन्सर व्यवस्थित चालतात. दोन प्रकारे वापरता येतात. टूलमध्ये कंपनी, मॉडेल, साल निवडून नवा क्रमांक तयार करायचा आणि मग गाडीला रीलर्न द्यायचं. किंवा जुन्या सेन्सरचा क्रमांक नव्यात उतरवायचा, म्हणजे गाडीला बदल झाल्याचं कळतच नाही आणि रीलर्न लागत नाही. तुमचा सेन्सर मेला आहे, त्याच्याकडून क्रमांक हवेतून वाचता येणार नाही. पण टायर उतरवल्यावर सेन्सरच्या अंगावर तो छापलेला दिसतो, बहुधा आठ अक्षरांचा, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. तो हाताने टूलमध्ये भरा. बी आणि आठ, डी आणि शून्य यांची गल्लत होते, भिंगातून वाचा. साल निवडतानाही चूक करू नका: एकाच मॉडेलच्या दोन पिढ्यांत ३१५ आणि ४३३ असा फरक असू शकतो, आणि चुकीच्या फ्रिक्वेन्सीचा सेन्सर टूलला उत्तर देतो पण गाडीला कधीच ऐकू येत नाही. टूलला दिसतो, गाडीला दिसत नाही, अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं.

बसवताना:

व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असेल तर रबरी सील, नट, पिन आणि टोपी हा संच टायर उतरवला की दर वेळी नवा घाला. जुनं सील एकदा दबलं की पुन्हा घट्ट बसत नाही. नट टॉर्क पान्यानेच आवळा, मोजमाप सेन्सरच्या पाकिटावर असतं, बहुतेकांचं ४ ते ८ न्यूटन-मीटर. ‘अजून एक झटका’ दिला की व्हॉल्व्हची दांडी चिरते आणि ती चीर महिन्याभराने रस्त्यावर उघडते. रबरी व्हॉल्व्ह असेल तर सेन्सरला धरणारा टी-१० स्क्रू साधारण १.४ न्यूटन-मीटर, म्हणजे दोन बोटांचा जोर.

पिन निकेलचा मुलामा असलेलीच. साधी पितळी पिन ॲल्युमिनियमच्या दांडीत घातली की ओलाव्यात दोन धातू एकमेकांना खातात आणि वर्षभरात पिन आत गंजून चिकटते. ती पान्याने फिरवली की दांडीच तुटून हातात येते. धातूच्या शोभेच्या टोप्यांचंही तेच, प्लास्टिकची टोपी लावा.

चौथ्या गाडीसाठी हे महत्त्वाचं: साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादा थंड हवेत ६५ पीएसआयच्या आसपास असते. ८० ची हवा भरायची असेल तिथे धातूचाच, नट असलेला, जास्त दाबाचा व्हॉल्व्ह हवा. सेन्सर बदलताना दुकानात हाताशी रबरी असतो म्हणून तोच बसवला जातो. बसवण्याआधी बघा.

पंक्चर बुजवायचं द्रव्य टायरमध्ये ओतू नका. सेन्सरला हवा मोजायला टाचणीएवढं छिद्र असतं, ते बुजलं की आकडा एकाच जागी गोठतो. कधी ओतलेलं असेल तर रिम आणि सेन्सर दोन्ही धुऊन पुसूनच नवा टायर चढवा.

---

रिमवाला

वरच्या सगळ्याला +१, एक भर. मशीनवर टायर उतरवताना बीड फोडायचा पट्टा व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला लावायचा हा नेहमीचा नियम, म्हणजे सेन्सर वाचतो. पण २००९ पर्यंतच्या बऱ्याच फोर्ड गाड्यांत सेन्सर व्हॉल्व्हला जोडलेला नसतो. तो रिमच्या मधल्या खोबणीत स्टीलच्या पट्ट्याने बांधलेला असतो, आणि तोही बरोबर व्हॉल्व्हच्या समोर, १८० अंशांवर. तिथे नेहमीचा नियम पाळला की सेन्सर नेमका फुटतो. अशा चाकात रीलर्नचं टूलही व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला टेकवावं लागतं, व्हॉल्व्हजवळ उत्तर येत नाही. जुनी गाडी हाती आली तर टूल चाकाभोवती सावकाश फिरवा, उत्तर कुठे येतं त्यावरून सेन्सरची जागा कळते. टायर मशीनवर नेण्याआधी खडूने खूण करा.

---

हवा_बत्तीस

सगळे चाकातल्या सेन्सरबद्दल लिहीत आहेत, म्हणून थोडक्यात: काही पिकअपमध्ये चाकात सेन्सर नसतोच. हवा कमी झाली की टायरचा घेर किंचित घटतो आणि ते चाक जास्त फेरे घेतं, एबीएसच्या सेन्सरवरून गाडी ते ओळखते. पडद्यावर आकडे दिसत नसतील, फक्त दिवा असेल, आणि व्हॉल्व्ह साधा रबरी असेल तर हा प्रकार असण्याची शक्यता धरा आणि मालकाच्या पुस्तिकेत खात्री करून घ्या. यात रीलर्न नाही. हवा भरली, चाकं फिरवली किंवा टायर बदलला की मेनूतून रीसेट करायचं आणि अर्धा-एक तास वेगवेगळ्या वेगाने चालवायचं. चारही टायरची हवा सारखीच उतरली तर ही पद्धत आंधळी आहे.

---

मालवाहू

जुन्या सेन्सरवर आठ अक्षरं सापडली. तोच क्रमांक नव्या सेन्सरमध्ये भरला, गाडी वीस मिनिटं चालवली, रेघा जाऊन आकडा आला. पडदा ३६ दाखवतो, गेज ३५. हा फरक चालेल का? आणि तिसऱ्या गाडीला चाकांचा दुसरा संच करायचा आहे, चिखलातले टायर वेगळे. दर बदलाला रीलर्न द्यावं लागेल का?

---

मागचा_एक्सल

एक पीएसआयचा फरक सोडून द्या, सेन्सरची अचूकता तेवढीच असते. दोन पीएसआयपर्यंत काळजी नको. गाडी नुकतीच चालली असेल तर हवा तापून चार ते सहा पीएसआय वाढलेलीही दिसेल, ती सोडायची नाही. सोडलीत तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो.

दुसऱ्या संचासाठी कोरे चार सेन्सर घेऊन त्यांत पहिल्या संचाचेच क्रमांक उतरवा, जागेला जागा जुळवून: डाव्या पुढच्याचा डाव्या पुढच्यात. मग चाकं बदलली तरी गाडीला तेच सेन्सर दिसतात आणि रीलर्न लागत नाही. रिमच्या आतल्या बाजूला रंगाने ‘डा. पु.’, ‘उ. मा.’ असं लिहा, नाहीतर पुढच्या वेळी जागा चुकतील. दोन्ही संच एकाच वेळी जवळ नकोत: एक गाडीला आणि दुसरा हौद्यात घेऊन निघालात तर रस्त्याच्या हादऱ्यांनी हौद्यातले सेन्सरही जागे होऊ शकतात, एकाच क्रमांकाने दोन वेगळ्या हवा पोचतात आणि पडद्यावरचा आकडा ५० ते ३० असा उड्या मारतो. दुसरा संच ठेवायचा तर गाडीपासून दूर, आडवा, न हलणारा.

चिखलात उतरताना हवा १८-२० वर आणणार असाल तर दिवा लागेल, तो लागू द्या. तेवढ्यासाठी संगणकातला आकडा खाली आणू नका. पक्क्या रस्त्यावर परत येताना पोर्टेबल कंप्रेसरने हवा ५० करा. दिवा विझायला काही गाड्यांना ताशी २५ च्या वर पाच-दहा मिनिटं चालवावं लागतं.